पायथनच्या तयार लायब्रऱ्या: पारख, नोंद आणि प्रकाशन

पायथनचे एक नवे, रिकामे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे लायब्रऱ्या इन्स्टॉल करण्याची वेगळी जागा, तयार करून त्यात ‘पिप इन्स्टॉल रिक्वेस्ट्स’ ही कमांड चालवावी आणि लगेच ‘पिप लिस्ट’ने यादी पाहावी. आपण मागितलेली लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड, एकच असते: वेबवरून माहिती मागवणारी रिक्वेस्ट्स. यादीत मात्र, लायब्रऱ्या बसवणारी खुद्द पिप सोडून, पाच नावे दिसतात. सर्व्हरशी जोडणी करण्याचे आणि ती पुन्हापुन्हा वापरण्याचे खरे काम करणारी यूआरएललिब३ सोबत आलेली असते. मोझिलाने विश्वासार्ह ठरवलेल्या मूळ प्रमाणपत्रांचा संच बाळगणारी सर्टिफाय असते, रोमनखेरीज इतर लिप्यांतील डोमेन नावे हाताळणारी आयडीएनए असते आणि आलेल्या मजकुराचे एन्कोडिंग कोणते असावे याचा अंदाज बांधणारी कॅरसेट-नॉर्मलायझर असते. या चारही लायब्रऱ्या उपयोगाच्या आहेत आणि रिक्वेस्ट्सचे त्यांच्याशिवाय चालत नाही. तरीही आता पाच प्रकल्पांतील अनोळखी माणसांनी लिहिलेला कोड आपल्या प्रोग्रॅमचा भाग झाला आहे, आणि उद्या त्यात काही बिघडले तर आपला वापरकर्ता त्या पाचांपैकी कोणाचेही दार ठोठावणार नाही. तो आपल्याकडेच येईल.

म्हणूनच लायब्ररी घेण्याचा निर्णय हा कोड लिहिण्याइतकाच जबाबदारीचा आहे, असे मी मानतो. लायब्ररी घ्यावी की नाही हे कसे ठरवावे, घेतल्यावर तिची नोंद कशी ठेवावी आणि आपण लिहिलेली लायब्ररी इतरांना कशी द्यावी, हे पुढे सांगितले आहे. उदाहरणे पायथनची असली तरी बरेचसे मुद्दे इतर भाषांनाही लागू पडतात. कमांड येथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत टाइप कराव्या लागतील.

दोन रेपॉझिटरी, एक नाव

सुरुवातीलाच एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. रेपॉझिटरी हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. पहिली म्हणजे कोड जिथे लिहिला जातो आणि गिट या साधनात त्याच्या बदलांचा इतिहास जपला जातो ती. गिटहब किंवा गिटलॅबवर आपण पाहतो ती हीच. दुसरी म्हणजे तयार पॅकेजेस, म्हणजे वाटण्यासाठी बांधलेल्या लायब्रऱ्या, जिथून डाउनलोड होतात ते कोठार. पायथनसाठी ते पायपीआय आहे आणि ते २००३ पासून सुरू आहे. या कल्पनेचे मूळ त्याहून जुने आहे. पर्ल भाषेचे सीपॅन १९९५ मध्ये सुरू झाले, आणि त्याचा नमुना होता टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीच्या साहित्याचा संग्रह, सीटॅन. पुढे एनपीएम, रूबीजेम्स, मेव्हन सेंट्रल, क्रेट्स डॉट आयओ अशी कोठारे एकेका भाषेसाठी उभी राहिली.

या दोहोंतील फरक लक्षात ठेवण्याचे कारण असे, की गिटमध्ये आपण वाचतो तो कोड आणि कोठारातून उतरवून घेतो ती फाइल तंतोतंत सारखीच असेल याची खात्री नसते. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनात लपवलेला चोरदरवाजा उघडकीस आला, तेव्हा हेच दिसून आले. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या प्रकाशित संग्रहात बिल्डसाठीची, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवण्यासाठीची, एक दूषित फाइल होती, आणि ती गिटमधील कोडमध्ये नव्हती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकात शिरण्याच्या सुरक्षित मार्गाने, लॉगिन होताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले, त्याने कारण खणून काढले, आणि म्हणून ते प्रकरण बाहेर आले. तेव्हा जिथे जोखीम मोठी आहे तिथे इन्स्टॉल होणारी फाइलच उघडून पाहावी. ते अवघड नाही. ‘पिप डाउनलोड’ला ‘नो डेप्स’ हा पर्याय जोडला की फक्त ते एक पॅकेज खाली उतरते, आणि पायथनची व्हील, म्हणजे इन्स्टॉल करण्यासाठी तयार असलेले पॅकेज, ही मुळात वेगळे एक्स्टेन्शन दिलेली झिप फाइलच असल्यामुळे ती कोणत्याही झिपच्या साधनाने उघडता येते.

आधी घरात पाहावे

बाहेरची लायब्ररी शोधण्यापूर्वी पायथनची प्रमाण लायब्ररी चाळावी. सीएसव्ही आणि जेसन वाचणे, फाइलींचे मार्ग हाताळणे, एसक्यूलाइटचा डेटाबेस वापरणे, सरासरी आणि मध्यक काढणे या सगळ्यांची सोय तिच्यात आहे. ती वाढतही असते: टाइम झोन हाताळणारे झोनइन्फो हे मॉड्यूल ३.९ या आवृत्तीत, म्हणजे २०२० मध्ये आले, आणि टॉमल या सेटिंग लिहिण्याच्या मांडणीतील फाइल वाचणारे टॉमलिब ३.११ मध्ये, २०२२ साली आले. जुन्या प्रश्नोत्तरांतून या कामांसाठी बाहेरची पॅकेजेस सुचवलेली आढळतात. ती उत्तरे त्या काळी योग्य होती, आज त्यांची गरज उरलेली नाही. प्रमाण लायब्ररी कायमची असते असे मात्र समजू नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ या आवृत्तीतून सीजीआय, क्रिप्ट, टेलनेटलिब यांच्यासह १९ जुनी मॉड्यूल्स काढून टाकण्यात आली. त्यांची सूचना दोन आवृत्त्या आधीपासून दिली जात होती, आणि ज्यांनी इशाऱ्यांकडे लक्ष दिले त्यांना बदल करायला पुरेसा वेळ मिळाला.

प्रमाण लायब्ररीत काम भागत नसेल तर पुढचा प्रश्न असा, की हे मला दहा-वीस ओळींत स्वतः लिहिता येईल का? मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्टच्या एनपीएमवरून लेफ्ट-पॅड नावाचे पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतले आणि जगभर असंख्य प्रकल्पांचे बिल्ड अडले. ते पॅकेज होते अवघ्या ११ ओळींचे. मजकुराच्या डावीकडे ठरावीक लांबीपर्यंत अक्षरे भरणे एवढेच त्याचे काम. पायथनमध्ये हे काम आरजस्ट ही अंगभूत मेथड करते. इतक्या छोट्या कामासाठी बाहेरच्या कोणावर विसंबून राहणे महागात पडते. याउलट कूटलेखन, टाइम झोन, युनिकोडचे नियम, एचटीटीपीचे बारकावे ही कामे वरवर सोपी दिसत असली तरी ती स्वतः लिहायला घेऊ नयेत. त्यांतील कानेकोपरे इतरांनी वर्षानुवर्षे ठेचा खाऊन शोधलेले असतात, आणि तो अनुभव आपल्याला एका आठवड्यात मिळणार नाही.

नाव नीट वाचावे

पायपीआयवरचे नाव आणि कोडमध्ये इम्पोर्ट करायचे, म्हणजे लायब्ररी वापरायला घेताना लिहायचे, नाव ही पुष्कळदा वेगळी असतात. पिलो इन्स्टॉल करतात, पण इम्पोर्ट पीआयएल करतात. ब्यूटिफुलसूप४ इन्स्टॉल करून बीएस४ इम्पोर्ट करावे लागते. सायकिट-लर्नचे इम्पोर्टमधले नाव एसकेलर्न आहे. नवख्या माणसाला ‘मॉड्यूल सापडले नाही’ असा एरर दिसतो आणि तो एररमधले नाव जसेच्या तसे पिपला देऊन मोकळा होतो. सुदैवाने त्या नावाचे काही नसले तर फक्त आणखी एक एरर येतो. दुर्दैवाने मात्र त्या नावाने कोणीतरी घातक पॅकेज ठेवलेले असू शकते. डिसेंबर २०१९ मध्ये पायपीआयवरून अशी दोन पॅकेजेस हटवली गेली. त्यांपैकी एकाने जेलीफिश या लायब्ररीच्या स्पेलिंगमधील पहिल्या लहान एलच्या जागी मोठा आय वापरला होता. बऱ्याच फॉन्टमध्ये ही दोन अक्षरे डोळ्यांना वेगळी दिसतच नाहीत. ते पॅकेज एसएसएच आणि कूटलेखनाचे साधन जीपीजी यांच्या किल्ल्या चोरत होते.

म्हणून नाव आठवणीतून टाइप करू नये. ते लायब्ररीच्या अधिकृत दस्तऐवजातून कॉपी करावे, पायपीआयवरील तिचे पान उघडावे आणि तिथला मूळ कोडचा दुवा खरोखर त्याच प्रकल्पाकडे जातो का ते पाहावे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यकाने सुचवलेले नाव असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण अशी साधने कधीकधी अस्तित्वात नसलेली नावेही पूर्ण आत्मविश्वासाने सांगतात, आणि रिकामे असलेले कोणतेही नाव पायपीआयवर कोणीही नोंदवू शकतो.

इथे एक तांत्रिक बारकावाही लक्षात घ्यावा. पॅकेज व्हील स्वरूपात असेल तर इन्स्टॉल होताना फाइली फक्त योग्य जागी ठेवल्या जातात. ते मूळ कोडच्या संग्रहाच्या स्वरूपात असेल तर मात्र बिल्ड करताना त्या पॅकेजमधला कोड आपल्या संगणकावर चालतो, म्हणजे इम्पोर्ट करण्याच्याही आधी. ‘ओन्ली बायनरी’ या पर्यायाला ‘ऑल’ हे मूल्य दिले की पिप फक्त व्हीलच स्वीकारते.

पारख

गिटहबवरील ताऱ्यांची संख्या हे प्रसिद्धीचे माप आहे, गुणवत्तेचे नव्हे, आणि ते मी शेवटी पाहतो. सर्वांत आधी मी इश्यूंची, म्हणजे वापरणाऱ्यांनी कळवलेल्या अडचणींची, यादी उघडतो. किती इश्यू उघडे आहेत याला फारसा अर्थ नाही, कारण मोठ्या प्रकल्पात ते शेकडो असतातच. बग कळवणाऱ्याला उत्तर मिळते का, त्या उत्तराचा सूर कसा आहे, सुरक्षेचा दोष कळवण्याची वेगळी वाट ठेवली आहे का, हे त्या यादीत दिसते. त्यानंतर बदलांची नोंदवही, म्हणजे चेंजलॉग. ज्या लायब्ररीचे लेखक ‘या आवृत्तीत अमुक फंक्शनचे वर्तन बदलले’ असे स्पष्ट लिहून ठेवतात, ते वापरणाऱ्याचा विचार करतात असे खुशाल समजावे. शेवटची आवृत्ती दोन वर्षांपूर्वीची आहे म्हणून लायब्ररी मृत झाली असे लगेच ठरवू नये; छोटे, नेमके काम करणारी लायब्ररी खरोखरच पूर्ण झालेली असू शकते. आजच्या पायथनवर ती इन्स्टॉल होते का आणि तिच्या स्वतःच्या टेस्ट पास होतात का, हे तपासले की शंका मिटते.

एकच माणूस सांभाळत असलेल्या लायब्रऱ्याही अनेकदा उत्तम असतात. फक्त तो थकला, आजारी पडला किंवा त्याचे लक्ष दुसरीकडे वळले तर आपण काय करणार, याचे उत्तर आपल्याजवळ असावे. त्या लायब्ररीचा कोड स्वतः वाचून सांभाळण्याची आपली तयारी असेल तर तिच्यावर विसंबून राहायला हरकत नाही.

परवाना पाहणे हे दोन मिनिटांचे काम आहे आणि ते टाळू नये. एमआयटी आणि बीएसडी परवाने मूळ सूचना जपण्यापलीकडे फारसे काही मागत नाहीत. अपाची २.० मध्ये पेटंटविषयीची स्पष्ट परवानगी अधिक आहे. जीपीएलखालील कोड वापरून केलेला प्रोग्रॅम इतरांना वाटायचा असेल तर तोही त्याच अटींवर द्यावा लागतो, आणि एजीपीएल ही अट नेटवर्कवरून दिल्या जाणाऱ्या सेवेलाही लावते. ज्या कोडला परवानाच नाही तो सार्वजनिक दिसत असला तरी वापरण्याची परवानगी मिळालेली नसते.

या सगळ्यानंतर लायब्ररीतील जे फंक्शन आपण प्रत्यक्ष वापरणार आहोत त्याचा दस्तऐवज पूर्ण वाचावा, आणि शक्य असल्यास कोडही. ही सवय मला एका चुकीतून लागली. एका कामात मला हजारो ओळींच्या फाइलीतून तारखा वाचायच्या होत्या. त्या दिवस, महिना, वर्ष अशा क्रमाने लिहिलेल्या होत्या. कोणत्याही स्वरूपातील तारीख ‘आपोआप’ ओळखणारी एक लोकप्रिय लायब्ररी मी घेतली, पाच-सहा तारखा देऊन पाहिल्या, त्या बरोबर आल्या आणि मी पुढे गेलो. ती लायब्ररी डीफॉल्टने आधी महिना धरत असे. १३/०४ ही तारीख तिला दिली की १३वा महिना नसतो म्हणून ती निमूटपणे क्रम बदलून १३ एप्रिल असे बरोबर उत्तर देई. पण ०३/०४ दिली की तिला ती ३ एप्रिल न वाटता ४ मार्च वाटे. मी तपासलेल्या पाच-सहाही तारखा योगायोगाने महिन्याच्या उत्तरार्धातल्या होत्या. एररही आला नाही आणि इशाराही नाही. महिनावार बेरजा कागदावरच्या नोंदींशी जुळेनात तेव्हा, कितीतरी दिवसांनी, हा प्रकार उघड झाला. लायब्ररीचा यात काहीच दोष नव्हता. तिचे हे वर्तन दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेले होते आणि ते बदलण्याचा पर्यायही दिलेला होता. मी तो वाचला नव्हता. शेवटी प्रमाण लायब्ररीतील एसटीआरपीटाइम या तारीख वाचणाऱ्या फंक्शनला नेमका क्रम सांगून ते काम अधिक खात्रीने झाले. आता नवी लायब्ररी घेताना मी तिच्याविषयीची माझी प्रत्येक समजूत एका छोट्या टेस्टच्या रूपात लिहून ठेवतो, आणि त्या टेस्टसाठी मुद्दाम द्व्यर्थी उदाहरणे निवडतो. पुढे लायब्ररीची आवृत्ती बदलली आणि एखादी समजूत खोटी ठरली, तर त्या टेस्ट मला आधी सांगतात.

त्याच कारणाने बाहेरच्या लायब्ररीचा इम्पोर्ट सगळ्या कोडभर पसरू देऊ नये. तिच्याभोवती आपले स्वतःचे एक लहान मॉड्यूल असावे आणि उरलेल्या कोडने फक्त त्या मॉड्यूलशी बोलावे. लायब्ररी बदलण्याची वेळ आलीच तर एक फाइल बदलावी लागते, चाळीस नाही.

प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र जागा

पायथनमध्ये एका एन्व्हायर्नमेंटमध्ये एका लायब्ररीची एकच आवृत्ती राहू शकते. म्हणून प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करावे. त्यासाठीचे व्हेन्व हे मॉड्यूल ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून पायथनसोबतच येते. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ‘पायथन -एम व्हेन्व डॉट-व्हेन्व’ असे लिहिले की काम होते. पिपही ‘पायथन -एम पिप’ अशा रूपात चालवावी, म्हणजे आपण नेमक्या कोणत्या पायथनमध्ये इन्स्टॉल करत आहोत याविषयी शंका राहत नाही. डेबियन १२ सारख्या लिनक्स प्रणाली आता सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने थेट इन्स्टॉल करू देत नाहीत. तो नकार ओलांडण्याचा पर्याय एररच्या मजकुरातच दिलेला असतो. तो वापरू नये. प्रणालीची स्वतःची साधने त्याच पायथनवर चालतात, आणि ती बिघडली की दुरुस्ती आपल्या प्रकल्पाच्या बाहेर जाऊन करावी लागते.

आवृत्तीची नोंद

बहुतेक लायब्रऱ्या तीन अंकांची आवृत्ती वापरतात. पहिला अंक वाढला तर जुना कोड मोडू शकतो, दुसरा वाढला तर काही नवे आले आहे, तिसरा वाढला तर फक्त दुरुस्ती आहे, असा संकेत आहे. हा संकेत पाळण्याची सक्ती मात्र कोणावरही नाही. शिवाय एकाची दुरुस्ती ही दुसऱ्याच्या दृष्टीने मोडतोड असू शकते, कारण कोणीतरी त्या बगवरच विसंबून असतो.

नोंद दोन पातळ्यांवर ठेवावी लागते, आणि माझ्या पाहण्यात इथेच सर्वाधिक घोळ होतो. पहिल्या पातळीवर आपण स्वतः मागितलेल्या लायब्रऱ्या आणि त्यांच्या चालणाऱ्या आवृत्त्यांची मर्यादा पायप्रोजेक्ट डॉट टॉमल या फाइलीत लिहावी. दुसऱ्या पातळीवर, प्रत्यक्षात इन्स्टॉल झालेल्या सर्वांची, म्हणजे मागोमाग आलेल्या लायब्रऱ्यांसह, अचूक आवृत्ती एका लॉक फाइलीत असावी. ‘पिप फ्रीझ’ने ही दुसरी यादी मिळते, पण तिच्यात आपण मागितलेले कोणते आणि मागोमाग आलेले कोणते हे कळत नाही, सहा महिन्यांनी ती यादी पाहणाऱ्याला कॅरसेट-नॉर्मलायझर कोणी आणि का घेतली याचा पत्ता लागत नाही. पिप-टूल्स, पोएट्री किंवा यूव्ही यांपैकी एखादे साधन वापरले तर दोन्ही याद्या वेगळ्या राहतात. दोन्ही फाइली गिटमध्ये ठेवाव्यात.

मर्यादा लिहिताना चिन्हांकडे बारीक लक्ष द्यावे. टिल्ड (~) आणि बरोबरचे चिन्ह (=) लावून २.३१ लिहिले, तर २.३१ पासून पुढची, पण ३च्या आतली कोणतीही आवृत्ती चालते. तेच २.३१.० लिहिले, तर केवळ २.३१ मालिकेतील दुरुस्त्या चालतात. एका शून्याने अर्थ इतका बदलतो. आणि वरची मर्यादा मुळीच न लिहिण्याची किंमत जून २०२४ मध्ये आकडेमोडीच्या नमपाय या लायब्ररीची २.० ही आवृत्ती आली तेव्हा अनेकांना कळली: १.x साठी कम्पाइल झालेली जुनी पॅकेजेस नव्या नमपायसोबत चालत नव्हती, आणि ज्या प्रकल्पांनी काहीच मर्यादा घातली नव्हती ते नव्याने इन्स्टॉल करताच अडले.

दोन लायब्रऱ्यांना तिसऱ्या लायब्ररीच्या परस्परविरोधी आवृत्त्या हव्या असतात, तेव्हा पिप सरळ नकार देते. हे वर्तन २०२०च्या अखेरीस आलेल्या २०.३ या आवृत्तीपासूनचे आहे; त्याआधीची पिप आधी सापडलेली आवृत्ती बसवून पुढे जात असे आणि बिघाड प्रोग्रॅम चालताना दिसे. नकाराचा तो लांबलचक मजकूर त्रासदायक वाटला तरी शांतपणे वाचावा. कोणाला काय हवे आहे हे त्यात सांगितलेले असते. बहुतेक वेळा दोघींपैकी एकीची नवी आवृत्ती घेतल्याने गाठ सुटते.

लॉक फाइलीत प्रत्येक पॅकेजचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ठसा, हाही नोंदवता येतो. मग उतरवलेली फाइल एका बाइटनेही वेगळी असली तरी पिप ती बसवत नाही. जो प्रोग्रॅम इतरांची माहिती हाताळतो त्याच्यासाठी हे करणे मी बंधनकारक मानतो.

नोंद एकदा करून विसरून जाण्याची नाही. डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या लॉगफोरजे या लायब्ररीत तीव्रतेच्या मापावर पूर्ण १० गुण मिळालेला दोष सापडला, तेव्हा अनेकांपुढचा पहिला प्रश्न दुरुस्तीचा नव्हता, तर ही लायब्ररी आपल्याकडे आहे तरी का, हाच होता, कारण ती दुसऱ्या कशाच्या तरी मागोमाग आलेली होती. ज्यांच्याजवळ पूर्ण यादी होती त्यांना उत्तर काही मिनिटांत मिळाले. पायथनमध्ये पिप-ऑडिट हे साधन आपल्या यादीची ज्ञात दोषांशी तुलना करून देते. ते प्रत्येक बिल्डसोबत चालवावे. आणि आवृत्त्या वाढवायच्या त्या थोड्या थोड्या, एका वेळी एक, चेंजलॉग वाचून आणि टेस्ट चालवून. दोन वर्षांची थकबाकी एका दुपारी फेडायला गेलो तर कशाने काय मोडले हे शोधण्यातच दिवस जातात.

आपली लायब्ररी इतरांना देताना

एखादे फंक्शन तिसऱ्या प्रकल्पात कॉपी करायची वेळ आली की त्याची लायब्ररी करावी. पहिल्या वेळी करू नये, कारण एका वापरावरून त्या फंक्शनचा खरा आकार कळत नाही.

फोल्डरची मांडणी साधी असावी: एसआरसी नावाच्या फोल्डरमध्ये कोड, शेजारी टेस्ट, रीडमी, परवाना आणि पायप्रोजेक्ट डॉट टॉमल. कोड एसआरसीमध्ये ठेवल्यामुळे टेस्ट चालताना शेजारचा फोल्डर चुकून इम्पोर्ट होत नाही, तर इन्स्टॉल झालेले पॅकेजच तपासले जाते; एखादी फाइल पॅकेजमध्ये घालायची राहिली असेल तर ते इथेच कळते. टॉमल फाइलीत नाव, आवृत्ती, पायथनची किमान आवृत्ती आणि गरजेच्या लायब्रऱ्या लिहाव्यात. या यादीचा नियम प्रोग्रॅमच्या नियमाच्या उलटा आहे. प्रोग्रॅमने अचूक आवृत्त्या बांधाव्यात, लायब्ररीने मात्र शक्य तितकी रुंद मर्यादा ठेवावी. आपल्या लायब्ररीने एखादीची नेमकी एकच आवृत्ती मागितली, तर वेगळी आवृत्ती मागणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही लायब्ररीशेजारी ती बसणार नाही.

नाव निवडताना पायपीआय लहान-मोठी अक्षरे, जोडरेघ, अधोरेघ आणि टिंब यांत फरक करत नाही हे लक्षात ठेवावे. तिच्या दृष्टीने ती सारी एकच नावे आहेत. बाहेरच्यांनी वापरू नये अशा फंक्शनच्या नावाआधी अधोरेघ द्यावी आणि उघडी फंक्शने मोजकीच ठेवावीत. जे एकदा उघडे केले ते नंतर बदलताना कोणाचा तरी कोड मोडतो. रीडमीच्या पहिल्या पडद्यावर, कॉपी करून जसाच्या तसा चालेल असा पाच-सहा ओळींचा नमुना असावा. तो नमुना दर आवृत्तीला स्वतः चालवून पाहावा.

‘पायथन -एम बिल्ड’ चालवले की डिस्ट फोल्डरमध्ये मूळ कोडचा संग्रह आणि व्हील अशा दोन फाइली तयार होतात. त्या आधी ट्वाइन या साधनाने टेस्टपायपीआय या सरावाच्या कोठारावर चढवाव्यात, नव्या एन्व्हायर्नमेंटमध्ये तिथून उतरवून चालवाव्यात आणि मगच खऱ्या पायपीआयवर न्याव्यात. हा सराव वगळू नये, कारण पायपीआयवर एकदा चढवलेल्या फाइलीचे नाव पुन्हा वापरता येत नाही, ती फाइल हटवली तरीही. चूक राहिली तर पुढच्या क्रमांकाची आवृत्तीच काढावी लागते. २०२४च्या आरंभापासून पायपीआयवर दुहेरी पडताळणी सर्वांना सक्तीची आहे. त्याही पुढे जाऊन, २०२३ मध्ये आलेली ट्रस्टेड पब्लिशिंगची सोय वापरावी. तिच्यामुळे गिटहबसारख्या ठिकाणच्या ठरलेल्या प्रक्रियेतून पॅकेज थेट प्रसिद्ध होते आणि कायमचे टोकन, म्हणजे पासवर्डसारखी किल्ली, कुठेच साठवून ठेवावे लागत नाही.

कोड फक्त आपल्या गटापुरता असेल तर तो पायपीआयवर देण्याची गरज नाही. पिपला गिटचा पत्ता आणि विशिष्ट कमिट, म्हणजे गिटमधील बदलाची एक नोंद, देऊनही इन्स्टॉल करता येते. खासगी कोठार वापरणाऱ्यांनी मात्र ‘एक्स्ट्रा इंडेक्स यूआरएल’ या पर्यायापासून सावध राहावे. तो दिल्यावर पिप दोन्ही कोठारांना समान मानते आणि मोठ्या क्रमांकाची आवृत्ती उचलते. आपल्या खासगी पॅकेजच्या नावाने सार्वजनिक कोठारात कोणी ९९.० अशी आवृत्ती ठेवली तर तीच बसते. फेब्रुवारी २०२१ मध्ये या युक्तीने अनेक मोठ्या कंपन्यांच्या आतील यंत्रणांत शिरता येते हे एका संशोधकाने दाखवून दिले. त्यामुळे एकच मुख्य कोठार ठेवावे आणि सार्वजनिक पॅकेजेसही त्याच्यामार्फतच यावीत अशी व्यवस्था करावी.

सदोष आवृत्ती प्रसिद्ध झालीच तर ती हटवण्याऐवजी यँक करावी. यँक केलेली आवृत्ती नव्याने कोणाला मिळत नाही, पण ज्याने लॉक फाइलीत नेमकी तीच नोंदवली आहे त्याचे बिल्ड मोडत नाही. एखादे फंक्शन काढायचे असेल तर आधी किमान एका आवृत्तीत डेप्रिकेशनचा इशारा द्यावा आणि त्या इशाऱ्यात पर्यायी फंक्शनचे नाव लिहावे; नुसते ‘हे जाणार आहे’ असे सांगून वापरणाऱ्याला वाऱ्यावर सोडू नये.

आणि सांभाळणे शक्य होईनासे झाले, तर लायब्ररी पहिल्या मागणाऱ्याच्या हाती देऊ नये. २०१८ मध्ये एनपीएमवरील इव्हेंट-स्ट्रीम या लायब्ररीच्या लेखकाने ती मदतीला आलेल्या एका अनोळखी व्यक्तीकडे सोपवली, आणि त्या व्यक्तीने तिच्यातून बिटकॉइनच्या एका वॉलेटला लक्ष्य करणारा घातक कोड पुढे पाठवला. ज्याचे काम आपण काही काळ पाहिले आहे असा कोणी नसेल तर रेपॉझिटरी अर्काइव्ह, म्हणजे फक्त वाचण्यापुरती खुली, करावी, टॉमल फाइलीतील वर्गीकरणात प्रकल्पाची स्थिती ७, म्हणजे निष्क्रिय, अशी नोंदवून एक शेवटची आवृत्ती काढावी, आणि रीडमीच्या पहिल्याच ओळीत काम का थांबले व त्याऐवजी काय वापरावे हे लिहावे.